पाठ लोकांकडे, तोंड चित्राकडे

हंगामात शेवंतीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. चूल, सहा भाकऱ्या, सुक्या बोंबलाचं कालवण. सव्वाचारला ती भाईंदरजवळच्या मोरवा गावातल्या घराचं दार ओढून घ्यायची आणि पावणेपाचला तिचे पाय मिठागराच्या चिखलात असायचे. पंचवीस वर्षं मी तिला त्या वेळेला तिथं पाहिलं. ती फक्त दोनदा आली नाही. दोन्ही वेळा बाळंतपण होतं, ते खाड्यात धरायचं का हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी दशरथ. त्याच आगरावर एकतीस वर्षं काम केलं, आता घरी असतो. शेवंतीबद्दल लोक बरंच काही सांगतात. त्यातलं निम्मं त्यांनी पाहिलेलं नाही. मी पाहिलं तेवढं लिहितो.

आधी पाय मारणं म्हणजे काय ते सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

इमारतीतल्या लोकांना वाटतं मीठ आपोआप होतं. खाडीचं पाणी आत घेतलं, उन्हात ठेवलं, झालं. दिवाळीनंतर मिठाच्या वाफ्यांतलं पावसाचं पाणी आम्ही काढून टाकतो. खाली उरतो लोण्यासारखा चिखल. त्याचा तळ सिमेंटसारखा घट्ट व्हावा लागतो आणि तो पायानेच होतो. दहा माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात आणि चिखल तुडवतात. आमच्या आगरात मागं सरत तुडवायची रीत होती. टाच आधी, मग चवडा, मग सगळं वजन. मागं सरायचं कारण सोपं आहे. पुढं चालणाऱ्याला आपलं पाऊल दिसत नाही. मागं सरणाऱ्याला प्रत्येक पाऊल डोळ्यांसमोर राहतं. कच्चं दिसलं की तिथंच पुन्हा पाय. एक वाफा सहा-सात वेळा तुडवावा लागतो. तळ कच्चा राहिला तर मार्चमध्ये मिठाबरोबर चिखल वर येतो, मीठ काळं पडतं आणि ते कोणी घेत नाही.

रांगेत पहिला मी. तिसरी शेवंती. तिचं पाऊल मला कधी पुन्हा मारावं लागलं नाही. आगरावर दुसऱ्या कोणाबद्दल मी हे म्हणणार नाही, तिच्या नवऱ्याबद्दल तर नाहीच. तो आत्माराम, रांगेत आठवा. मुकादमाच्या हजेरीत दोघांची मिळून एक ओळ होती : आत्माराम आणि बायको.

पावसाळ्यात आगर बंद. तेव्हा ज्याला जे मिळेल ते काम. १९८९च्या जूनमध्ये शेवंतीला भाईंदर पश्चिमेला एका सोसायटीचा हॉल झाडायचं-पुसायचं काम मिळालं. तिथंच मला चित्रं वाहायचं.

तो हॉल इमारतीच्या तळमजल्यावर होता. क्षितिजा बाई तिथं नाच शिकवायच्या. गिरगाव सोडून नवऱ्याबरोबर इथं राहायला आल्या होत्या, वय पस्तीसच्या आसपास. शिकायला इमारतीतल्या बारा-तेरा मुली. आठवड्यात तीन दिवस नेहमीचा नाच. शनिवारी मात्र वेगळं काही चालायचं. शनिवारी कौस्तुभ सर स्वतः काढलेलं एक चित्र आणून मागच्या भिंतीला टेकवायचे. सर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि घरी दाराएवढी चित्रं काढायचे. मुलींनी ते चित्र बघायचं आणि मग हालायचं. गाणं नाही, मोजणी नाही, आधी ठरवलेलं काही नाही. बघून जे अंगात येईल ते करायचं.

सरांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जाड हार्डबोर्डची ती चित्रं मी डोक्यावर घेऊन उतरवायचो. जिन्याच्या वळणावर चित्र उभं करावं लागतं, फिरवावं लागतं, पुन्हा आडवं करावं लागतं. सर मागून म्हणत राहायचे, "कोपरा सांभाळा, दशरथराव." चार महिन्यांत एकही कोपरा लागला नाही.

पहिल्या शनिवारी मला ते पोटभरल्या लोकांचे चाळे वाटले. चित्रात झाड असलं की मुली झाड व्हायच्या. पक्षी असला की हात हलवायच्या. क्षितिजा बाई म्हणायच्या, "झाड होऊ नका गं. झाड तिथं आहेच. ते बघून तुम्हाला काय झालं ते दाखवा." मुली एकमेकींकडे बघायच्या. मीही दाराशी उभा राहून बघायचो. मला काही झालं नव्हतं.

जुलैत सरांनी मिठागराचं चित्र आणलं. राखाडी आभाळ, पांढऱ्या मिठाचे ढीग, पुढं चिखल तुडवणारी एक बाई. शेवंती तेव्हा कडेला फरशी पुसत होती. ती उठली, हातात ओलं फडकं तसंच, आणि चित्राजवळ गेली.

"सर, ही बाई पडंल."

"कोण बाई?" सर म्हणाले.

"ही चितरातली. हिचं वजन चवड्यावर हाय. चिखलात चवडा पयला टाकला तं मानूस तोंडावर जातं. टाच पयली लागतं."

"मावशी, मी दोन दिवस बांधावर बसून काढलंय हे. बघून."

"बांधावरून पाय कसं दिसतील, सर? ते चिखलात असतं."

मी हसलो. सर नाही हसले, पण रागावलेही नाहीत. क्षितिजा बाई पुढं आल्या. "करून दाखवाल?"

शेवंतीने फडकं बादलीच्या काठावर ठेवलं, लुगड्याचा काष्टा आवळला आणि फरशीवर पाय मारायला लागली. चिखल नव्हता, पण तिच्या पायाखाली फरशी खचते आहे असं वाटत होतं. टाच, चवडा, वजन. टाच, चवडा, वजन. मागं सरत ती दारापर्यंत आली. मुलींची कुजबुज बंद झाली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आता चिखल विसरा. चित्रात आभाळ आहे ना, ते तुडवा."

"आभाल तुडवायचं?"

"हो."

शेवंतीने आभाळाकडे नीट बघून घेतलं. "कंच्या बाजूनं सुरू करू?"

मुली खदखदून हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "जिथून तुम्हाला योग्य वाटेल तिथून."

तिने डावीकडून सुरू केलं. या वेळी पाय वेगळा पडला. जेमतेम टेकत होता आणि लगेच उचलला जात होता, आणि हात आपोआप वर गेले होते, खोल पाण्यातून चालताना जातात तसे. पाऊण मिनिट. मग ती थांबली आणि म्हणाली, "आभाल पातल हाय. जोर दिला तं फाटंल."

त्या दिवसापासून फरशी पुसून झाली की शनिवारी ती मुलींबरोबर उभी राहायची. बाईंनी तिला मावशी म्हणणं सोडलं, शेवंतीबाई म्हणायला लागल्या. ती वेळेवर यायची आणि चुकलं तर पुन्हा करायची. मुली पाच मिनिटं झाली की घाम पुसायला बसायच्या. शेवंती बसायची नाही.

एकदा मी विचारलं, "शेवंती, हे कशाला? पाय तुला हंगामात कमी मारावे लागतात का?"

ती म्हणाली, "दादा, वीस वर्सं पाय मारलं. मीठ सगल्यांनी खाल्लं, पाय कोनी बघितलं न्हाय. हितं बघतात."

डिसेंबरात बाईंच्या मुलींचा कार्यक्रम व्हायचा होता. प्रत्येकीने एका चित्रासमोर उभं राहायचं. कार्ड छापायचं होतं, त्यात प्रत्येकीचं नाव. बाईंनी शेवंतीला सांगितलं, तुमचंही नाव घालणार. शेवंतीने ते मला सांगितलं, आत्मारामला सांगितलं आणि मोरव्याच्या विहिरीवर सगळ्यांना सांगितलं. तिचं नाव तोवर कशावरच छापलेलं नव्हतं. रेशनकार्डावर होतं, ते शाईने लिहिलेलं आणि चुकीचं.

ऑगस्टमध्ये सोसायटीने हॉलमध्ये स्टेज करून घेतलं. शाळेतली बाकं जोडून ठेवली होती, त्यांच्यावर प्लायवूड, वर सतरंजी. प्लाय अर्ध्या इंचाची. मी सुताराला म्हटलं की बाकांच्या मधल्या फटी मोठ्या आहेत. तो म्हणाला, मुली आहेत, हत्ती नाहीत.

पहिल्या तालमीला मिठागराचंच चित्र लावलं होतं. शेवंती स्टेजवर चढली, लोकांकडे पाठ केली, चित्राकडे तोंड केलं आणि मागं सरत पाय मारायला लागली. सवयच ती. आमच्यातला कोणीही तेच केलं असतं. नवव्या की दहाव्या पावलाला टाच बरोबर दोन बाकांच्या फटीवर पडली. प्लाय कडकन मोडली आणि ती गुडघ्यापर्यंत आत गेली. पिंडरी सोलवटली. तिने पाय बाहेर काढला, भोकात डोकावली आणि म्हणाली, "तल कच्चा हाय."

चूक कोणाची असं मला कोणी विचारलं असतं तर मी प्लायची सांगितली असती. मला कोणी विचारलं नाही.

पुढच्या रांगेत हंसाबेन बसल्या होत्या. हॉलच्या कमिटीच्या त्या प्रमुख, किल्ल्या त्यांच्याकडे. मुलगी पिंकी बाईंकडे शिकायची. हंसाबेन वाईट नव्हत्या. हॉलचे पंखे, पाणी, खुर्च्या, सगळं त्या एकट्या बघायच्या आणि काम चोख असायचं. पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला.

"क्षितिजाबेन, ये क्या है? आमच्या छोकऱ्या ह्याच्यावर नाचणार, अने आ बाई तो खड्डा पाडते. आणि पाठ दाखवून नाचते. लोक घरून तयार होऊन पाठ बघायला येणार काय?"

"हंसाबेन," शेवंती स्टेजवरूनच म्हणाली, "तोंड तुमच्याकडं केलं तं मना चितर कसं दिसंल?"

"अरे, चित्र मागे आहे तर मागे राहू दे ने. कोण पळवते?"

क्षितिजा बाई मध्ये पडल्या. बराच वेळ बोलणं चाललं. हंसाबेनचं म्हणणं एवढंच होतं की ही बाई नाचत नाही, मिठाचं काम करून दाखवते. मिठाचं चित्र असेल तर जमतं. दुसरं ठेवा, उभी राहील नुसती. कार्यक्रमात तिची फजिती होईल आणि हॉलचीही.

शेवटी त्यांनी अट घातली. दिवाळीनंतर एका रविवारी सरांनी कोणीही न पाहिलेलं चित्र आणायचं. त्यात मीठ नको, चिखल नको, माणूस नको. सगळ्या मुली त्याच्यासमोर तीन तीन मिनिटं करतील. ही पण करेल. जमलं तर सोमवारी कार्डावर नाव जाईल. "नाही जमलं तर पोछा तो आहेच," हंसाबेन म्हणाल्या.

शेवंतीने मान हलवली. आम्ही घरी निघालो. मोरव्याच्या वळणावर आल्यावर ती म्हणाली, "मानूस न्हाय, चिखल न्हाय. मंग चितरात ऱ्हातंय काय?"



दिवाळी झाली. आगर सुरू झालं. तो रविवार आला तेव्हा मोठ्या वाफ्याची तिसरी तुडवणी होती. हॉलमध्ये अकराला पोचायचं होतं. मी आदल्या दिवशीच तिला म्हटलं, "उद्या तू राहा. नऊ जणांत भागवतो."

"माजं पाऊल कोन मारंल? तू?"

"मारीन."

"तुजी टाच उथल पडतं, दादा."

हे खरं होतं. पन्नाशीनंतर माझी डावी टाच पूर्ण बसत नव्हती. तिला ते माहीत आहे हे मला माहीत नव्हतं.

पावणेपाचला ती रांगेत होती. थंडी होती, चिखल बर्फासारखा. सव्वा पाच तास तुडवलं. आत्माराम आठव्या जागेवरून म्हणाला, "आज जपून तुडव गं, तुना दुपारी आभाल तुडवायचं हाय." रांगेत हसणं झालं. ती म्हणाली, "तू आदी चिखल तुडव. पाऊल बघ आपलं." त्याचं पाऊल कच्चंच होतं. त्याने पुन्हा पाय मारला.

दहाला काम संपलं. मी हातगाडी घेऊन सरांकडे गेलो. चित्र पाच फूट बाय सात फूट, आतापर्यंतचं सगळ्यात मोठं, वर चादर बांधलेली. सरांनी मलाही दाखवलं नाही. उतरवायला वीस मिनिटं लागली. हॉलवर पोचलो तेव्हा शेवंती बाहेरच्या नळावर पाय धूत होती. पाय पांढरे पडले होते, सुरकुतले होते, टाचांच्या भेगांत मीठ गेलं होतं. पोटऱ्या थरथरत होत्या. सव्वा पाच तासांनंतर सगळ्यांच्याच थरथरतात.

स्टेज मी स्वतः पुन्हा बांधलं होतं. बाकं जवळ घेतली, फटी बुजवल्या. पण प्लाय तीच होती.

हॉलमध्ये मुलींचे आईबाप, कमिटीचे लोक, चाळीस-पन्नास माणसं. सरांनी चादर काढली.

चित्रात काहीच नव्हतं. सगळीकडे गंजासारखा तांबडा रंग. डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्याकडे एक काळा पट्टा. मध्ये हातभर जागा कोरी, बोर्ड दिसत होता. मग पट्टा पुन्हा सुरू. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा गोळा. बस.

मुली एकेक करून चढल्या. पिंकीने आग केली. चांगली केली, हात लवचीक होते. एकीने सूर्यास्त केला. एकीने लढाई. सगळ्यांनी तोंड लोकांकडे ठेवलं, चित्राकडे एकदा मागं वळून बघितलं तेवढंच. टाळ्या पडल्या. हंसाबेन घड्याळ बघत होत्या, सगळ्यांना सारखी तीन मिनिटं.

शेवटी शेवंती. ती चढली आणि सरळ चित्रापाशी गेली, हातभर अंतरावर. आमच्याकडे पाठ. उभी राहिली. हालली नाही. मागून कोणीतरी मुलगी म्हणाली, "मावशी, ते पुसायचं नाहीये." हसणं झालं.

"एक मिनिट गेलं," हंसाबेन म्हणाल्या.

तेव्हा शेवंती वाकली. मान तिरकी करून, डोळा चित्राच्या कडेला आणून, उजेडाच्या दिशेने बघायला लागली. ते वाकणं मी ओळखलं. वाफा तुडवून झाला की आम्ही तसंच वाकून तळ बघतो. उंच-सखल कुठं आहे, कुठं पाय कमी पडला, ते तिरक्या उजेडात दिसतं. बाकी हॉलमध्ये कोणाला कळलं नसेल. मला कळलं की ती आता कामाला लागली आहे.

ती सरळ झाली आणि मागं सरायला लागली, तिरकी, म्हणजे चित्र कोणालाच झाकलं जात नव्हतं. पहिली पावलं इतकी जड की खालची बाकं बोलली. सगळं अंग त्या पावलांत होतं, खांदेसुद्धा. चित्रात पट्टा डावीकडे जाड होता, ती ही पावलं. मग पाऊल ओढायला लागलं, घासत, कोरडं, जोर तोच पण निघत काही नाही. पट्टा तिथं सुकत गेला होता. पावलाचा सुकलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

मग ती थांबली. एक पाय उचललेला, तसाच हवेत. चित्रात तिथं कोरी जागा होती. ती थांबलीच. पोटऱ्या थरथरत होत्या, मला शेवटच्या रांगेतून दिसत होत्या. सव्वा पाच तास तुडवलेल्या एका पायावर अंग तोलून धरायचं म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. ज्याला बघायचं त्याने आधी सव्वा पाच तास तुडवावं. हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता. पाय खाली आला नाही.

आला तेव्हा दुसऱ्याच रीतीने आला. तोवर उजवं अंग पुढं होतं, आता डावं पुढं झालं. पाऊल हलकं, जरासं वाकडं, सवय नसलेलं. हळूहळू ती उंच होत गेली. शेवटी चवड्यांवर, हात वर ताणलेला, अजून दोन बोटं कमी पडतायत असा. आणि तिथून तिने टाच तीनदा आपटली. ठक, ठक, ठक. मग उभी राहिली.

ती स्टेजच्या अगदी कडेला आली होती. टाचेपासून कड वीतभर. मागं न बघता. आमच्या आगरात बांध तसाच कळतो.

प्लाय मोडली नाही.

टाळ्या लगेच पडल्या नाहीत. कौस्तुभ सर खुर्चीतून उठून स्टेजपाशी गेले. "तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"काय, सर?"

"मध्ये मी थांबलो होतो. काळा रंग संपला होता. आठ दिवसांनी पुन्हा सुरू केलं तेव्हा उजवा खांदा धरला होता, म्हणून डाव्या हाताने काढलं. हे मी घरातसुद्धा कोणाला सांगितलेलं नाही."

"दिसतंय नं," शेवंती म्हणाली. ती धापत होती. "हितवर दाबून आलंव तुमी. म्होरं रंग सुकला, तरी हात ओढलाव. मंग खाडा हाय. खाड्यानंतर हात बदललाय, रेघ दुसऱ्या अंगानं झुकतं. वरती तुमचा हात पोचत न्हवता. चवड्यावर उभं ऱ्हायलंव आनि सफेद रंग तीनदा आपटलाव."

सरांनी वरच्या पांढऱ्या गोळ्याकडे बोट केलं. "स्टूल नव्हतं घरात," ते म्हणाले.

मग टाळ्या पडल्या. आधी पिंकीने वाजवल्या, हे मी मुद्दाम लिहितो. क्षितिजा बाई मुलींना म्हणाल्या, "आपण सगळे ते चित्र कशाचं आहे ते शोधत बसलो. ह्यांनी ते कसं झालं ते बघितलं."

हंसाबेन उठल्या, पर्समधून पेन काढलं. कार्डाचा कागद त्यांच्याकडेच होता. "नाव कसं लिहू? शेवंतीबेन के शेवंतीबाई?"

"शेवंती आत्माराम भोईर."

हंसाबेननी लिहिलं.

"म्होरं मोरवा लिवा," शेवंती म्हणाली. "मोरवा."

त्यांनी मोरवा लिहिलं आणि खाली रेघ मारली. मग म्हणाल्या, "पण मी सांगते, पाठ दिसते."

"पाठ धुतलेली हाय, हंसाबेन."

हंसाबेन हसल्या. त्या हसतात हे मला तेव्हा कळलं.

कार्यक्रम डिसेंबरात झाला. मोरव्यातून तीसेक माणसं गेली, आगरावरची सगळी रांग. आम्ही आत शिरलो तेव्हा खुर्च्यांवरची माणसं जरा सरकून बसली. शेवंतीने तेच चित्र घेतलं होतं, पण तसंच काही केलं नाही. त्या दिवशी कोऱ्या जागेपाशी ती आणखी जास्त वेळ थांबली आणि वर जाताना पडता पडता सावरली. मी नंतर विचारलं तर म्हणाली, आज तितं वेगलं दिसलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आत्मारामने कार्ड घडी न घालता घरी नेलं आणि कपाटाच्या काचेत लावलं. शेजाऱ्यांनी विचारलं, कसं झालं, तर म्हणाला, "पाठ बरी दिसतं तिची."

नवीन वर्षात मुकादमाने हजेरीचं बुक बदललं. तिचं नाव वेगळ्या ओळीत आलं. मी त्याला सांगितलं नव्हतं. कार्यक्रमाला तोही आला होता.

पुढं दरवर्षी ती कार्यक्रमात उभी राहिली. फरशी पुसायचं काम तिने सोडलं नाही. पण मोरव्यातल्या बायका तिला विचारायला लागल्या, आम्हालाही शिकव. त्या हॉलवर जायला लाजायच्या. घराच्या ओट्यावर करून बघितलं, शहाबादी फरशीवर गुडघे दुखायला लागले. चिखल पायाला जागा देतो, फरशी देत नाही. लाकूड पाहिजे, असं क्षितिजा बाईंनी सांगितलं. शेवंतीने विचारलं, किती जाड? बाईंनी सांगितलं, इंचभर पुरेल. शेवंती म्हणाली, दीड.

तो हंगाम धरून पाच हंगाम ती पाय मारत राहिली आणि दर हंगामाचं थोडं बाजूला ठेवत राहिली. नवी साडी घेतली नाही. पत्रे गळत होते ते तसेच राहिले. आत्माराम कुरकुरला. शेवटच्या दोन हंगामांत त्यानेही आपलं घातलं.

१९९४च्या मे महिन्यात घोडबंदर रोडवरच्या चेण्याजवळच्या वखारीतून ऐनाच्या फळ्या आल्या. ट्रक गल्लीत शिरेना, म्हणून नाक्यापासून आम्ही त्या खांद्यावर आणल्या. देवळामागं पत्र्याची मोकळी शेड होती, गावाने ती दिली. सुतार मी ठरवला, तो प्लायवाला नव्हे. बारा फूट बाय सोळा फूट लाकडी जमीन. खाली आडव्या तुळया, दर सव्वा फुटाला एक. खिळे मी मोजून मारून घेतले. कौस्तुभ सरांनी ते तांबडं चित्र कायमचं दिलं, समोरच्या भिंतीला मी टांगलं. या वेळी जिना नव्हता.

जमीन झाली त्या सकाळी अकरा बायका आल्या, सगळ्या आगरावरच्या. क्षितिजा बाई आल्या. हंसाबेन पेढे घेऊन आल्या आणि सगळ्यांत पुढं खुर्ची टाकून बसल्या, जिथून पाठ नीट दिसते तिथं.

शेवंती आधी वाकली. गाल जमिनीला लावून तिरक्या उजेडात तळ बघितला. मग उठली, चित्राकडे तोंड केलं आणि बायकांना रांगेत घेतलं. टाच आधी. अकरा टाचा एकदम पडल्या.

एकही फळी हलली नाही. ती जमीन शेवंतीच्या पाच हंगामांच्या मजुरीची आहे.